पहिल्या धुण्यानंतर

मामीच्या गळ्यात मंगळसूत्राच्या जोडीला कायम एक पिवळी टेप असायची, शिवणकामाची. लग्नाला गेली तरी टेप, बारशाला गेली तरी टेप. माझ्या लग्नाच्या अल्बममध्ये मामी जरीच्या साडीत मला आहेर करते आहे आणि पदरावरून टेपची दोन्ही टोकं लोंबताहेत. फोटोवाल्यानं तिला ती काढायला सांगितली होती. "राहू दे बाप्पा, तिच्याबिगर लोक मले ओळखणार नाहीत," असं म्हणून ती पुन्हा ताठ उभी राहिली. ते खरंही होतं. आमच्या बुऱ्हाणपुरात तिला नावानं ओळखणारे थोडेच. बाकी सगळ्या मोहल्ल्याची ती टेपवाली मामी. माझी मात्र ती सख्खी मामी, आईच्या धाकट्या भावाची बायको.

ती घरी ब्लाउज आणि ड्रेस शिवायची. पुढच्या खोलीत मशीन, मधे कापायचं मोठं टेबल, आणि मागच्या गल्लीतल्या पॉवरलूमचा दिवसभर खडखडाट. त्या आवाजात बोलून बोलून तिचा आवाज असा चढला होता की मशीनवर बसून ती गल्लीच्या टोकाच्या बाईला दटावू शकायची. शिवलेला कपडा गिऱ्हाइकाच्या हातात देताना तिचं एक वाक्य ठरलेलं असे: "पहिल्या धुण्यानंतर आणून दाखव." नवीन शिवण सगळीच छान दिसते, पण पहिल्या धुण्यात कापड आक्रसतं, दोरा बसतो, आणि शिवण खरी कशी झाली ते तेव्हा कळतं, असं तिचं म्हणणं. बऱ्याच बायका आळस करायच्या. मग मामी स्वतः त्यांच्या दारात जाऊन वाळत घातलेला ब्लाउज दोरीवरच उलटा करून बघायची.

माझं लग्न झाल्यावर महिन्याभरानं ती अशीच माझ्या सासरी येऊन टपकली. निमित्त तिनंच शिवलेल्या ब्लाउजचं. सासूबाईंसमोर तिनं बाही तपासली, काखेतली शिवण ओढून पाहिली आणि विचारलं, "बसलं का गं नीट?" मी म्हटलं, बसलं. सासूबाई चहा ठेवायला आत गेल्या तशी तिनं माझ्याकडे बघत तोच प्रश्न पुन्हा विचारला. या खेपेला ती ब्लाउजबद्दल विचारत नाही हे मला समजलं. मी मान हलवली, तेव्हा कुठे ती चहाला थांबली.

तिची दुसरी खोड म्हणजे मार्जिन. शिवणीच्या आत ती इतकं कापड दाबून ठेवायची की माझा आठवीतला फ्रॉक मी कॉलेजात घरी घालत होते. "माणूस वाढतं, सुटतं. कपड्यात जागा पाहिजे." हा नियम तिनं कपड्यापुरता ठेवला असता तर बरं झालं असतं. स्टेशनवर ती गाडीच्या इतकी आधी पोचायची की आधीची गाडी सुटताना बघावी लागे. चार माणसं जेवायला असली की भाकरी सातांच्या. मामा सरकारी कचेरीतले, काटेकोर, ते चिडायचे. ती म्हणायची, "तुमचं सगळं फिटिंगचं. जरा कुठं वाकले की उसवता."

मामामामींना एकच मुलगा, नितीन. आमचा नितू. माझ्याहून लहान, त्यामुळे राखीला हक्कानं छळणारा. तो पुण्याला नोकरीला लागला आणि तिथून त्यानं पहिल्यांदा घरासाठी काय आणावं, तर मामांच्या जुन्या पांढऱ्या गाडीला चार अलॉय व्हील. मित्रानं वेगळ्या गाडीची काढून ठेवली होती, ती ह्यानं उचलली. मामी म्हणाली, "अरे, तुले मायसाठी मिक्सर नाही सुचला का?" पण दिवाळीच्या पाडव्याला बापलेक अंगणात जॅक लावून बसले तेव्हा तिनं मशीन बंद ठेवून दारात खुर्ची टाकली होती. नटांची भोकं जुळली, चाक चढलंही, पण जरुरीपेक्षा आत बसलं. पुढचं चाक फिरवलं की टायर आतल्या शॉकअपला घासे. नितूनं फोनवर शोधून सांगितलं की मध्ये स्पेसर लागतो, म्हणजे चाक ज्यावर बसतं तो हब आणि चाक यांच्यामध्ये धातूची एक जाड चकती, जी चाकाला तेवढं बाहेर ढकलते. "पुढच्या खेपेला येताना नीट मापाचे आणतो पप्पा, मग पाहा गाडी कशी दिसते," असं म्हणून तो गेला. चाकं कापायच्या टेबलाखाली ठेवली गेली.

पुढची खेप आलीच नाही. पुण्याला त्याला ताप आला, साधा वाटला, तो डेंग्यू निघाला. मामामामी पोचले तेव्हा तो बोलत नव्हता. आणखी मला त्याबद्दल लिहवत नाही.

मामांनी त्यानंतर गाडीवर ताडपत्री टाकली आणि पुन्हा कधी स्टिअरिंगला हात लावला नाही. त्यांनी कुणाला काही बजावलं नाही, पण घरात नितूचं नाव निघेनासं झालं. एकदा मी तिथं जेवत होते. मामी वाढता वाढता म्हणून गेली, "नितूले ही भाजी अशीच लागायची." मामांच्या हातातला घास तसाच राहिला. ते ताटावरून उठले, हात धुऊन बाहेर ओट्यावर जाऊन बसले आणि अंधार पडेपर्यंत आत आले नाहीत. मामीनं त्यांचं ताट झाकून ठेवलं. ती त्यांच्यावर रागावली नाही. "त्यांचं दुःख वेगळ्या मापाचं आहे," एवढंच मला म्हणाली. पुढे तिनं घरात ते नाव घेतलं नाही.

वर्षश्राद्ध उरकल्यावर एका दुपारी तिनं मला बोलावून घेतलं. टेबलाखालच्या चिंध्या बाजूला सारल्या. चाकं जशीच्या तशी होती. तिनं त्यांना जुन्या अस्तराच्या खोळी शिवल्या होत्या.

"अगं वर्षे, हे गाडीले बसवायचे," ती म्हणाली. "पण घाईघाईत नाही. कोणाच्या जिवाले धोका नको. त्याची वस्तू आहे, तिच्यानं कोणाचं वाईट व्हायले नको."

मामांना विचारलं तर म्हणाले, "तुम्हाला काय करायचं ते करा," आणि पेपर वर धरला. गाडी मी चालवायची ठरली, कारण मामीला चालवता येत नव्हती. बहादरपूर रोडला, जिथे केळीचे ट्रक उभे असतात, तिथे रफीकभाईचं गॅरेज आहे. नितू गेल्यावर ते झालेलं, म्हणून त्यांनी त्याला कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी चाकं बघितली आणि आधी सरळ नाही म्हणाले. "मामीजी, हे विकून टाका. गाडीच्या मापाचे घ्या. बिना स्पेसरचं काम सबसे अच्छा." मामी म्हणाली, "विकायचे नाहीत. तुम्ही फक्त सांगा, नीट कसं होईल." मग त्यांनी जॅक आणला.

किती जाडीचा स्पेसर लागेल हे बघायला मामीनं आपली पद्धत काढली. पिशवीतून कॉलरमध्ये घालायच्या बकरमचे तुकडे काढले आणि चाक नि हबच्या मध्ये एकेक करून सरकवत गेली, टायर शॉकअपपासून बोटभर सुटेपर्यंत. मग ते तुकडे एकावर एक धरून टेपनं मोजले. तिला खरं तर त्याहून जाड हवा होता. नितूला चाकं बाहेर काढलेली, रुबाबदार गाडी आवडायची. रफीकभाईंनी मान हलवली. जितकं बाहेर, तितका बेअरिंगवर भार. शिवाय वळणावर टायर वर पत्र्याला घासणार. जितका लागतो तितकाच, दोन्ही बाजूंना सारखा, आणि पातळ पातळ दोन जोडायचे नाहीत, एकच अखंड. मागच्या चाकांना गरजच नव्हती. मामीला हे पटलं. गिऱ्हाईक सांगतं तेवढं खोल गळ्याचं ती तरी कुठे शिवत होती.

पण स्पेसर आणायला ती दुकानात स्वतः गेली आणि चूक केली. दुकानदारानं दोन जोड्या पुढे ठेवल्या. एकीचं मधलं भोक अगदी बेताचं, दुसरीचं ऐसपैस, नटांची भोकंही लांबट, म्हणजे कुठल्याही गाडीला चालावी अशी. मामीनं ऐसपैसवाली घेतली. उमरभर कापड आत दाबलेली बाई, तिला वाटलं, लोखंडालासुद्धा थोडं मार्जिन बरं. गॅरेजमध्ये रफीकभाईंनी ती हबवर चढवून बोटानं ढकलली, तर चकती कटकट वाजली.

"हे पाहा, हलून राहिलं. इथं जागा नाही पाहिजे मामीजी. हबच्या या गोल काठावर स्पेसर एकदम फिट बसला पाहिजे, त्यानंच चाक मधोमध राहतं. ढिला असला तर गाडी पळताना थरथरेल, आणि थरथरली की नट सुटायला लागतात."

मामीचा चेहरा एकदम उतरला. तिनं चकती हातात घेतली, भोकात बोट फिरवलं. म्हणाली, "म्हणजे हे बाहीवाणी नाही. काजावाणी आहे. काज मोठं झालं की गुंडी निसटते." आणि तिनं पदरानं डोळे पुसले. मी म्हटलं, "मामी, अगं बदलून मिळेल." ती म्हणाली, "मिळेल गं. पण मी चुकीचं घालून दिलं असतं त्याच्या चाकाले."

दुसऱ्या जोडीच्या वेळी हबचं माप रफीकभाईंनी घेतलं, मामीनं पुन्हा घेतलं. चकती हबवर तळहातानं दाबावी लागली तेव्हा बसली, आणि बसल्यावर हलेना. मग आणखी एक गोष्ट निघाली. नट ज्यांवर आवळतात त्या हबवरच्या जुन्या स्टडांवर, स्पेसरच्या जाडीमुळे, नटाला पुरेसे आटे मिळत नव्हते. मामी लगेच म्हणाली, "दोरा कमी पडला." जास्त लांब स्टड घातले. रफीकभाईंनी तारेच्या ब्रशनं हबचा गंज काढला, कपड्यानं पुसला, आणि मामी तेलाची कुपी पुढे करत होती ती बाजूला सारली. मशीनला तेल, इथं कोरडं. नट हातानं फिरवून, मग समोरासमोरचे थोडे थोडे आवळत गेले, आणि गाडी खाली उतरवून शेवटी टॉर्कवाल्या पान्यानं, म्हणजे नट हवा तितका आवळला की जो कट्ट वाजतो, त्या पान्यानं. दर आवाजाला मामीचे ओठ हलत होते. ती काय म्हणत होती ते मी विचारलं नाही.

"आता थोडं फिरवून परत आणा," रफीकभाई म्हणाले. "नवीन बसवलंय. पहिल्या चक्करनंतर नट फिरसे बघावे लागतात."

मामीनं माझा हात इतका जोरात धरला की बांगडी रुतली. "पाहिलं? पहिलं धुणं," ती म्हणाली. ती नितू गेल्यापासून पहिल्यांदा हसलेली मी तेव्हा पाहिली.

आम्ही खकनार गावापर्यंत जाऊन आलो. काच खाली करून मामी वाटभर कान बाहेर लावून बसली होती. प्रत्येक वळणावर म्हणे, "थांब, घासून राहिलं का?" घासत नव्हतं. दोन्ही बाजूंना केळी, कुठे कपाशी, आणि मधून आमची म्हातारी गाडी नवीन चाकांवर चाललेली. येताना एका रसवंतीवर थांबलो तर एक पोरगेला माणूस म्हणाला, "आंटी, व्हील मस्त आहेत." मामी म्हणाली, "माझ्या मुलानं आणले." 'आणले होते' असं ती म्हणाली नाही. मी रसाचा ग्लास तोंडाला लावून दुसरीकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवशी नट बघितले. एक इवलासा फिरला, बाकीचे होते तिथेच. रफीकभाई म्हणाले, "बस मामीजी. आता ढिले होत नाहीत. सर्व्हिसिंगला आणाल तेव्हा पाहू."

पुढच्या महिन्यात मामीनं मला फोन केला, "वर्षे, नट बघून येऊ." त्याच्या पुढच्या महिन्यातही. गॅरेजमध्ये एक फुटका टायर आडवा पडलेला असे, त्यावर रुमाल पसरून ती बसायची. रफीकभाई पाना लावायचे, कट्ट वाजायचं, आणि मामी बोलायला लागायची. नितूनं शाळेत कोणाचा डबा खाल्ला, मावा जिलेबीसाठी कसा ताप आल्याचं सोंग करायचा, पुण्याच्या खोलीत वरण कसं जाळलं. तिची सगळ्यात लाडकी गोष्ट केळीच्या पानाची होती. कोणाच्या तरी लग्नात पंगत बसली असताना चिमुरड्या नितूनं तिच्या पिशवीतली कात्री काढून बापाच्या पानाला काजं पाडली आणि त्यात स्वतःच्या सदऱ्याची बटणं घातली. वरण सगळं मामांच्या पांढऱ्या पँटवर. "असे भडकले, असे भडकले, मांडवाच्या बाहेरच निघून गेले. लेकरू घाबरून माझ्या पदरात," असं सांगून ती हसायची आणि डोळे पुसायची. रफीकभाईंना ती गोष्ट माझ्याइतकीच पाठ झाली असेल. तरी ते दर वेळी "फिर?" म्हणायचे.

एकदा परतताना मी तिला म्हटलं, "मामी, नट आता काही सुटत नाहीत गं."

"माहीत आहे मले," ती म्हणाली. गाडी रेल्वे फाटकावर थांबली होती. "घरात त्याचं नाव घेता येत नाही बाई. तुझ्या मामाले सोसत नाही. आणि बिलकुल घेतलं नाही, तर मग तो होता हे कोणाले ठाऊक राहील? इथं घेते. हलकं होऊन घरी जाते, मग त्यांच्यासमोर चूप राहता येतं."

मी तिला त्यानंतर कधी नटांवरून टोकलं नाही.

गेल्या हिवाळ्यात मामी गेली. खोकला झाला, तो छातीत उतरला, आणि इतकी बोलकी बाई शेवटी दोन शब्दांसाठी धापा टाकत होती. मला म्हणाली, "मामांकडे पाहत जा. लगेच नाही, तेव्हा लोक राहतात. सगळे गेल्यावर पाहा." बायकांनी तिला न्हाऊ घातलं तेव्हा गळ्यातली टेप कोणीतरी काढून खुंटीला लावली. मामांनी ती उचलून गुंडाळली आणि खिशात ठेवली.

तेरावा झाला, माणसं पांगली. महिन्यानं मी गेले. घरात मशीनवर चादर होती. मामा ओट्यावर बसले होते, हातात गाडीची किल्ली.

"तुझी मामी दर महिन्याला गाडी कुठं नेत होती गं?"

"रफीकभाईकडे. नट बघायला."

ते उठले, चपला घातल्या. "मग चल. राहून जायला नको."

मामा त्या गाडीत कितीक वर्षांनी बसले, माझ्या शेजारी, मामीच्या जागेवर. गॅरेजमध्ये रफीकभाईंनी त्यांना खुर्ची दिली, पण ते जाऊन त्या टायरवर बसले. पाना लागला. पहिलं कट्ट वाजलं तसे मामा दचकले. दुसरं वाजलं. त्यांनी पुढे वाकून चाकावर हात ठेवला.

"हे माझ्या मुलानं आणले होते," ते म्हणाले. मग नाव घेतलं, "नितीननं."

रफीकभाईंना नितूचं सगळं बालपण तोंडपाठ होतं. त्यांनी पाना खाली ठेवला, हात पुसले आणि मामांच्या समोर उकिडवे बसले.

"अच्छा? कसा होता काका?"

आणि मामा बोलायला लागले. अडखळत, थांबत. सुरुवात केळीच्या पानापासूनच केली. कात्री, काजं, बटणं, पँटवरचं वरण. "मी तडक मांडवाच्या बाहेर गेलो," ते म्हणाले. "सगळ्यांना वाटलं, रागावलो. त्याच्या आईलाही वाटलं. मी भिंतीमागं जाऊन इतका हसलो, इतका हसलो की पोटात दुखायला लागलं. पोरासमोर कसं हसणार? बाप होतो ना. तिला हे सांगायचंच राहिलं."

मला रडू आवरेना. मामीनं ती गोष्ट किती वेळा सांगितली होती, आणि तिच्या गोष्टीत मामा शेवटपर्यंत रागावलेलेच राहिले. ही गोष्ट तिला ऐकायला मिळायला हवी होती. तिच्याच घरात होती ती.

मामा उठले तेव्हा दुपार कलली होती. गाडीचं दार उघडून ते थांबले, खिशातल्या टेपवर हात ठेवला आणि जरा संकोचानं विचारलं, "पुन्हा आणावी लागेल का हो? की आता ढिले नाही होत नट?"

"होतात ना काका," रफीकभाई म्हणाले. "दर महिन्याला बघावे लागतात. येत जा."